ग्रामपंचायतीला पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठीचं शिबिर : काय मिळालं, काय कमी पडलं

आधी निकाल सांगते मग कारणं. ज्यांना ग्रामपंचायतीला उभं राहायचंय पण घरात आजपर्यंत कुणी साधा सोसायटीचा डायरेक्टर पण झालेला नाही, मागं भावकीचं बळ नाही, आणि पॅनलवाले फक्त मतदानाच्या आदल्या रात्री दारात येतात, अशा सगळ्यांनी हे शिबिर करावं. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं लिहिलंय आणि आयोजकांनी ते वाचावं अशी फार इच्छा आहे, कारण ज्यांच्यासाठी हे शिबिर सर्वात गरजेचं आहे तीच माणसं तिथं कमी होती.

शनिवार-रविवार असं दोन दिवसांचं होतं, तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. फी तीनशे रुपये, त्यात दोन वेळचा चहा, दुपारचं जेवण आणि कागदांची एक फाईल. मी शिवणकाम करते, माझ्यासोबत माझी जाऊ होती, ती बारावी झालेली आहे आणि गावातल्या कुणाचा कुठला फॉर्म भरायचा असला की सगळे तिच्याकडेच येतात. हॉलमध्ये बायका जास्त होत्या, त्यांच्याबरोबर दोनतीन रिटायर मास्तर, एक रिक्षावाला, पोल्ट्रीवर काम करणारा एक पोरगा, बचत गटाच्या अध्यक्ष, आणि एक चालताना काठी लागणारे दादा ज्यांना दोघांनी धरून जिना चढवला (ह्याच्यावर पुढं बोलते).

आता असं शिबिर लागतंच कशाला असं कुणी म्हणेल. तर बघा, निवडून आल्यावर ट्रेनिंग असतं. पुण्याच्या यशदा ह्या सरकारी प्रशिक्षण संस्थेपासून पंचायत समितीपर्यंत सरपंच-सदस्यांची प्रशिक्षणं होतात, मार्च २०२५ ला केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं निवडून आलेल्या बायकांसाठी सशक्त पंचायत-नेत्री अभियान पण सुरू केलं. पण हे सगळं निवडून आल्यानंतर. निवडून येण्याच्या आधी, म्हणजे माणूस नुसता विचार करतोय की मी उभं राहू का, तेव्हा त्याला विचारायला कुणी नसतं, तो जातो पॅनलच्या पुढाऱ्याकडं आणि पुढारी म्हणतो तुझं काय काम, तुझ्या मालकाला पाठव. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, महाराष्ट्रात २०११ पासून बायकांना निम्म्या जागा आहेत, तरी ह्या एका टप्प्यावर अजून सगळा कारभार पुढाऱ्याच्या ओसरीवरच चालतो. जानेवारी २०२१ ला ज्या गावांच्या निवडणुका झाल्या त्यांची पाच वर्षं २०२६ च्या सुरुवातीला भरली, त्यामुळं आमच्याकडं जुळवाजुळव कधीच सुरू झालेली, आणि त्यात नवीन माणसाला जागा पाहिजे असेल तर त्याला तयारी आधीच करावी लागणार.

शिबिरातला सगळ्यात चांगला भाग म्हणजे पहिला दिवस पूर्ण कागदांवर. भाषण नाही, उद्घाटन नाही, दीपप्रज्वलन नाही, सरळ फाईल उघडा. शिकवणाऱ्या ताई स्वतः दोन टर्म सदस्य आणि नंतर सरपंच होत्या. त्या म्हणाल्या की नवीन माणूस मतदानात हरतो त्याच्या आधी छाननीत, म्हणजे फॉर्म तपासतात तिथंच, हरतो, आणि छाननीत हरवणं सगळ्यात सोपं कारण त्याला समोरच्याला एक रुपया पण खर्च येत नाही, नुसता एक आक्षेप घ्यायचा असतो. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं कारण आमच्या गावात हेच झालेलं मी डोळ्यानं बघितलंय.

मग एकेक कागद. वय २१ पूर्ण पाहिजे आणि नाव गावाच्या मतदार यादीत पाहिजे, पण ज्या वॉर्डात नाव आहे त्याच वॉर्डातून उभं राहायचं असं काही नाही, गावातल्या कुठल्याही वॉर्डातून राहता येतं. हे हॉलमधल्या कितीतरी जणांना माहीत नव्हतं. दुसरं, बायकांसाठी राखीव नसलेल्या जागेवर पण बाई उभी राहू शकते. हे ऐकून मागच्या एक मावशी म्हणाल्या मग आम्हाला पाच वर्षं काय सांगत होते की आता वॉर्ड पुरुषांचा झाला, तुमची पाळी संपली. हा तर फार मोठा घोळ आहे, आरक्षण फिरतं, ह्या टर्मला बाईसाठी राखीव असलेला वॉर्ड पुढच्या टर्मला खुला होतो, आणि पाच वर्षांत कामकाज शिकून तयार झालेली बाई घरी बसते कारण खुला म्हणजे पुरुषांचा असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय.

मग दोन अपत्यांची अट, १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळं संख्या दोनच्या वर गेली तर अपात्र. शिक्षणाची अट, १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास. संडासाची अट, घरात संडास आहे आणि तो वापरतो असा दाखला, आणि भाड्याच्या घरात राहत असाल किंवा सार्वजनिक संडास वापरत असाल तरी त्याचा दाखला चालतो, हे पण ताईंनी सांगितलं कारण ह्यावरूनच भाडेकरू माणसाला घाबरवतात. ग्रामपंचायतीची पट्टी थकलेली नको, ग्रामपंचायतीचा ठेका स्वतःकडं नको. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. अनामत म्हणाल तर सर्वसाधारण जागेला ५०० आणि राखीव जागेला १०० रुपये, तिथं काही फार अडत नाही. फॉर्म राज्य निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर ऑनलाइन भरायचा आणि प्रिंट काढून सही करून द्यायचा, त्याची प्रॅक्टिस लॅपटॉपवर एकेकाला बसवून करून घेतली. नाव मतदार यादीत जसं आहे अगदी तसंच टाकायचं, वेलांटी सुद्धा बदलायची नाही.

आणि खर्चाचा हिशोब. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीला सात किंवा नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याच्या उमेदवाराला २५ हजारांची मर्यादा होती, अकरा-तेराला ३५ आणि पंधरा-सतराला ५० हजार. निकालापासून ३० दिवसांत हिशोब द्यायचा, आणि हे नीट वाचा, हरलेल्यानं पण द्यायचा आणि बिनविरोध आलेल्यानं पण. नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र करता येतं. म्हणजे जो गरीब माणूस एकदा धाडस करून उभा राहिला, हरला आणि गप घरी बसला, त्याला वाटतं विषय संपला, आणि पुढच्या वेळी परत फॉर्म भरायला गेला की कळतं आपलं नाव अपात्रांच्या यादीत आहे. ह्या एका माहितीसाठी तीनशे रुपये वसूल झाले असं मी म्हणेन.

जातीच्या दाखल्याचा तास सगळ्यात लांबला आणि लांबायलाच पाहिजे होता. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र), नसेल तर निदान व्हॅलिडिटीसाठी अर्ज केल्याची पोच, आणि नंतर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र नाही आणलं तर निवडून आलेलं पद जातं. आता ह्याला पुरावे कुठले लागतात तर अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. बाईचा पुरावा माहेरचा. म्हणजे लग्न होऊन वीस वर्षं झालेल्या बाईनं माहेरी जाऊन वडलांचा, आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा काढायचा, आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) किंवा जुना महसुली कागद शोधायचा, मग माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकच बाई आहे ह्याचा पुरावा द्यायचा, विवाह नोंदणी नसली की तिथंच गाडी अडते. हे सगळं निवडणूक जाहीर झाल्यावर आठ दिवसांत होत नसतं. ताईंनी स्पष्ट सांगितलं की राखीव जागेवर उभं राहायचा नुसता विचार जरी मनात आला तरी व्हॅलिडिटीचा अर्ज आजच टाका. आणि भटक्या समाजाचं काय, जी माणसं १९६१ ला एका गावात सहा महिने सुद्धा राहत नव्हती त्यांनी कागद कुठून आणायचा, हा प्रश्न तिथं आलेल्या एका दादांनी विचारला आणि त्याला म्हणावं तसं उत्तर मिळालं नाही. गृहचौकशी आणि नातेवाईकाच्या व्हॅलिडिटीचा आधार एवढं सांगितलं, पण ज्यांच्या अख्ख्या कुळात पहिलाच माणूस अर्ज करतोय त्याला त्याचा काय उपयोग.

तसंच अतिक्रमणाचं. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्य राहता येत नाही, आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानं जनाबाईंच्या केसमध्ये सांगितलं की अतिक्रमण नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं असलं आणि तुम्ही त्या घरात राहत असाल तरी अपात्र. कायद्याचा हेतू बरोबर आहे, गावाची जागा बळकावणारा गावाचा कारभारी नको. पण गावोगाव गायरानावर कोण राहतं, ज्यांना बापजाद्यांची एक गुंठा जागा मिळाली नाही तेच. पुढाऱ्याचा बंगला स्वतःच्या सातबाऱ्यावर असतो. त्यामुळं हा नियम सगळ्यांना सारखा दिसला तरी पडतो तो भूमिहीनांच्या वस्तीवर. शिबिरात हा विषय पाच मिनिटांत उरकला आणि पुढं गेले, हे मला अजिबात पटलं नाही. घर नियमित करून घ्यायचा अर्ज कुठं करायचा, कुठले पुरावे जोडायचे, अर्ज प्रलंबित असताना काय होतं, ह्याच्यावर वकिलाला बोलवून अख्खा तास द्यायला पाहिजे.

छाननीवरून एक उदाहरण सांगितलं ते मात्र सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील, तृतीयपंथी, त्यांनी बायकांसाठी राखीव जागेवर फॉर्म भरला आणि छाननीत तो बाद केला. त्या हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, कोर्टानं फॉर्म मान्य करायला लावला आणि जानेवारी २०२१ ला त्या निवडून पण आल्या. त्याच्या आधी २०१७ ला माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळमध्ये ज्ञानेश्वर कांबळे थेट सरपंच म्हणून निवडून आले होते, ते पण तृतीयपंथी. माझी जाऊ म्हणाली, अगं मग गाव वाटतं तेवढं वाईट नसतंय, माणूस उभा राहिला तर मत देतात की. मला पण तसंच वाटतं. गाव मत द्यायच्या आधीच माणसाला वाटेतून बाजूला काढणारे वेगळे असतात. पुणे जिल्ह्यातल्या निंबुतला तर १९६३ ला, आरक्षणाचं नाव सुद्धा नव्हतं तेव्हा, सगळ्या बायकांची ग्रामपंचायत होती, आणि जळगावच्या विटनेरला १९८९ ला शेतकरी महिला आघाडीच्या बायकांनी ग्रामपंचायत चालवून दाखवली. हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही.

दुसरा दिवस मासिक सभेचा. खुर्च्या गोल लावल्या, एकाला सरपंच केलं, एकाला भाऊसाहेब (ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), बाकीचे सदस्य, आणि खरी सभा घेतल्यासारखी घेतली. नोटीस किती दिवस आधी, तर तीन पूर्ण दिवस. विषयपत्रिकेत काय आहे ते वाचायचं, आयत्या वेळच्या विषयात मोठा खर्च घुसवला तर उठून बोलायचं, विरोध असेल तर विरोध प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) लिहून घ्यायला लावायचा. आणि सही. गावात काय होतं, सभा होतच नाही, शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो, बाई चुलीपुढं असते, मालक म्हणतात कर सही, आणि ती करते. त्या कोऱ्या पानावर नंतर काय लिहिलं ते तिला कळतच नाही पण उद्या चौकशी लागली तर सही तिची. आम्हाला चार चार वेळा उभं करून मोठ्यानं म्हणायला लावलं, वाचल्याशिवाय सही करणार नाही. पहिल्यांदा माझा आवाज बसला होता, शेवटी खणखणीत निघाला. पोल्ट्रीवरचा पोरगा सरपंच झालेला, त्यानं मला दाबायचा प्रयत्न केला, ताई बसा बसा पुढचा विषय घेऊ, आणि मी नाही बसले.

पैशाचा भाग पण झकास शिकवला. नमुना एक म्हणजे बजेट, पाच म्हणजे रोकडवही, आठ म्हणजे घरपट्टीची आकारणी. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च झाले पाहिजेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतच्या, निधीत ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, आणि ४० अबंधित, तो गाव ठरवेल तिथं. आपल्या गावाला किती आले आणि कशावर गेले ते ई-ग्रामस्वराज ह्या सरकारी वेबसाईटवर मोबाईलवर दिसतं. सगळ्यांनी तिथंच आपापलं गाव काढलं आणि हॉलमध्ये एकदम गलका झाला, कारण कितीतरी जणांना आपल्याच गल्लीतलं न झालेलं काम पूर्ण झालेलं दिसलं. काठीवाले दादा म्हणाले, दिव्यांगांचे पाच टक्के आमच्या गावात कधी वाटलेच नाहीत, मी मागितले तर म्हणले वरून आले नाहीत, आणि हे तर गावाच्याच उत्पन्नातले निघाले. ते दादा आता उभं राहणार आहेत, त्यांनी तिथंच जाहीर केलं.

पदांच्या लिलावावर, म्हणजे जो मोठी बोली लावेल त्यालाच बिनविरोध निवडून द्यायचं ह्याच्यावर, पण बोलले. नाशिकच्या देवळा तालुक्यातलं उमराणे आणि नंदुरबारचं खोंडामळी, दोन्हीकडं पदांचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ ला निवडणूकच रद्द केली, उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर होती. बोलीचे पैसे गावच्या मंदिराला मिळतात म्हणून लोक खूश होतात पण त्या बोलीत शेतमजुराची बायको कुठून उतरणार. बिनविरोध म्हटलं की टाळ्या वाजतात, तेव्हा कोण कोण गप बसवलं गेलं ते पण विचारा.

आता कापलेला स्टार. पहिली गोष्ट फी आणि दिवस. तीनशे रुपये माझ्यासाठी ठीक, पण खुरपणीला जाणाऱ्या बाईला फी अधिक दोन दिवसांची बुडालेली मजुरी अधिक एसटीचं भाडं, वर आमच्याकडं तेव्हा कांदा काढणी ऐन जोरात होती. ती येईलच कशी. आमच्या वस्तीतल्या एकीला मी किती म्हटलं चल, ती म्हणाली ताई, मुकादमाची उचल घेतलेली आहे, खाडा नाही करता येत. म्हणजे उसतोडीची, वीटभट्टीची, रोजंदारीची माणसं आपोआप बाहेर. आयोजकांना कळकळीची विनंती, तालुक्याला एकदा मोठं घेण्यापेक्षा वस्तीवर संध्याकाळी सात ते नऊ असं आठवडाभर घ्या, समाज मंदिरात घ्या, फी मजुरांना माफ करा, आमच्यासारख्यांकडून पाचशे घ्या, आम्ही देऊ.

दुसरी, वरच्या मजल्यावरचा हॉल. दिव्यांगांच्या पाच टक्क्यांवर तास घ्यायचा आणि दिव्यांग माणसाला जिन्यावरून उचलून आणायचं हे बरोबर नाही. तळमजल्याची शाळा चालली असती. आणि लहान लेकरं घेऊन आलेल्या बायकांसाठी काहीच सोय नव्हती, एका पोरीचं बाळ रडायला लागलं की ती बाहेर, असं करत तिचा निम्मा दिवस पायरीवर गेला. एक मदतनीस आणि एक सतरंजी एवढं जरी केलं असतं तरी भागलं असतं.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, नवऱ्यांचं काहीच नाही. सरपंचपती, म्हणजे निवडून आलेल्या बाईचा कारभार नवराच करतो, ह्या विषयावर भरपूर बोलले, सगळं बाईला सांगितलं, की तू ठाम राहा, तू सही नको करू. अहो पण संध्याकाळी ती घरी त्याच माणसाकडं जाते. एक अर्धा दिवस सासू, नवरा, दीर ह्यांना बोलवा, त्यांना सांगा की सही तिची असेल तर चौकशी पण तिचीच होते, आणि घरातली कामं कोण कशी वाटून घेणार ते तिथंच ठरवायला लावा. माझे मालक आले असते, मी विचारलं होतं, ते म्हणाले बोलवलं तर येतो.

चौथी, निवडून आल्यावरचं. सरपंचाचं मानधन सप्टेंबर २०२४ च्या निर्णयानं दुप्पट झालं, लोकसंख्येप्रमाणं सहा, आठ, दहा हजार. साध्या सदस्याला काय तर सभेचा दोनशे रुपये भत्ता. त्यात मजुरी बुडवून तो किती दिवस टिकणार, हा प्रश्न शिबिरात यायलाच पाहिजे, कारण गरीब सदस्य दुसऱ्या वर्षी सभेला यायचा बंद होतो तो ह्याच कारणानं आणि मग लोक म्हणतात ह्यांना कळत नाही. आणि निकालानंतर सहा महिने तरी फोनवर विचारायला कुणी पाहिजे. ताईंनी स्वतःचा नंबर दिला, रात्री पण उचलतात, पण एका माणसावर किती गावांचा भार टाकणार.

जेवण चांगलं होतं, भाकरी-पिठलं-ठेचा. माईक दुसऱ्या दिवशी बंद पडला. फाईलमधल्या झेरॉक्स फिकट आहेत, म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाहीत.

जाणार असाल तर हे बरोबर घेऊन जा म्हणजे तिथंच तपासून मिळेल: मतदार यादीतलं आपलं पान, आधार, शाळेचा दाखला, जातीचा दाखला असेल तर, बायकांनी माहेरच्या नावाचा एखादा कागद आणि लग्नाची नोंद, घरपट्टी-पाणीपट्टीची शेवटची पावती, आणि घराचा नमुना आठचा उतारा. पट्टी थकलेली असेल तर जायच्या आधीच भरून पावती घ्या आणि तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नावनोंदणी फोनवर होते, एकटं जायला संकोच वाटत असेल तर गावातून दोघी-तिघी मिळून जा, आमच्या गावातून कुणाला पुढच्या वेळी यायचं असेल तर मला दुकानावर येऊन सांगा, मी आणि जाऊ परत जाणार आहोत आणि वस्तीतल्या त्या बाईची फी आम्ही दोघींनी भरायचं ठरवलंय.